ठराव झाला, तळं बंदच : सरकारी वेबसाइट आणि अपंगांचा हक्क

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, असं त्यात होतं. जानेवारी १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने त्या ठरावाला धरून चवदार तळं सर्वांना खुलं केलं. कागदावर. पुढची तीन वर्षं त्या तळ्याचं पाणी अस्पृश्याच्या ओंजळीत आलं नाही. ते आणायला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो लोकांना घेऊन तळ्यावर जावं लागलं. लोकांनी मार खाल्ला. त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागेही घेतला. मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १७ मार्च १९३७ उजाडला.

हा इतिहास आपल्याला पाठ आहे. हक्क मंजूर होणं वेगळं आणि तो हातात पडणं वेगळं, हे आपल्याइतकं दुसऱ्या कुणाला कळायला नको. म्हणूनच आज ज्या ठरावाबद्दल लिहितोय तो आपल्या लोकांपुढे मांडायचा आहे. सरकारी वेबसाइट अपंग माणसाला स्वतःच्या हाताने वापरता आली पाहिजे, हा तो ठराव. तो मंजूर होऊन बरीच वर्षं झाली. कायदा आहे, नियम झाले, मार्गदर्शक तत्त्वं तीनदा निघाली, सुप्रीम कोर्टाचे निकाल आले. तळं मात्र बंद आहे.

आज सरकारी पाणवठा कुठे आहे, विचार करा. भारत सरकार शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे भरता? जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, सातबारा, भरतीची जाहिरात, हॉल तिकीट, निकाल, आयटीआयचा प्रवेश, निराधार योजनेचा अर्ज, रेशनची तक्रार, सगळं ऑनलाइन. तहसील कचेरीत गेलात तर खिडकीतला बाबू मान वर न करता सांगतो, ‘ऑनलाइन करा.’ खिडक्या एकेक करून बंद होत चालल्या आणि राज्यसंस्थेचा दरवाजा आता स्क्रीनवर आहे. हा दरवाजा तुमच्या आमच्या करातून बांधलेला आहे. संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाचं दुसरं कलम वाचा. विहिरी, तळी, स्नानाचे घाट, रस्ते, सरकारी पैशातून चालणाऱ्या सार्वजनिक जागा यांच्या वापरात भेदभाव चालणार नाही असं ते सांगतं. ते कलम महाडच्या मातीतून आलेलं आहे असं मी मानतो. त्यात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान ही कारणं नोंदवलेली आहेत. अपंगत्व नाही. ४१ व्या अनुच्छेदात अपंगत्वाचा उल्लेख येतो, पण तो मार्गदर्शक तत्त्वांत, सरकारी साहाय्याच्या संदर्भात. म्हणून अपंगांना आपला हक्क १४ व्या आणि २१ व्या अनुच्छेदातून, कोर्टाच्या पायऱ्या झिजवत, एकेक इंच मिळवावा लागला.

अंध माणूस मोबाइल किंवा कॉम्प्युटर कसा वापरतो हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. स्क्रीनवर जे आहे ते आवाजात वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर असतं, त्याला स्क्रीन रीडर म्हणतात. अँड्रॉइड मोबाइलमध्ये टॉकबॅक नावाने ते आधीपासूनच असतं. कॉम्प्युटरसाठी एनव्हीडीए हे फुकट मिळतं. मायकेल करन आणि जेम्स तेह या ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी ते २००६ पासून उभं केलं, कारण बाजारातलं सॉफ्टवेअर गरीब अंधांना परवडत नव्हतं. (स्वतःच्या मुक्तीचं हत्यार स्वतः घडवलेली ही माणसं, आपल्याला जवळची वाटावीत अशी.) स्क्रीन रीडर वापरणारा माणूस माऊस वापरत नाही. तो टॅबचं बटण दाबत एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात जातो आणि सॉफ्टवेअर त्याला सांगत जातं : नाव, एडिट बॉक्स. जन्मतारीख, एडिट बॉक्स. जतन करा, बटण. अंध माणूस अशा रीतीने डोळसाइतक्याच झपाट्याने फॉर्म भरतो.

मात्र रकान्याला आतून नाव दिलेलं असेल तरच. डोळसाला रकान्याशेजारी ‘वडिलांचे नाव’ लिहिलेलं दिसतं. पण वेबसाइट बनवणाऱ्याने ते शब्द त्या रकान्याला कोडमध्ये जोडलेच नसतील, तर स्क्रीन रीडर फक्त म्हणतो : एडिट बॉक्स. पुढे पुन्हा एडिट बॉक्स. त्यापुढे बटण. कसलं बटण? अर्ज पाठवायचं की पुसून टाकायचं? जिल्हा निवडला की पान पुन्हा लोड होतं आणि वाचन परत वरून, मंत्र्यांच्या फोटोंपासून सुरू होतं. जन्मतारखेचं कॅलेंडर फक्त माऊसने उघडतं. चुकलेला रकाना लाल चौकटीने दाखवला जातो, आणि लाल रंगाला आवाज नसतो. तोवर वेळ संपते, भरलेलं सगळं जातं. ज्यांच्या हाताला कंप आहे किंवा जे एका बोटाने टाइप करतात, त्यांनाही हीच मुदत.

हे सगळं पार केलं की येतो कॅप्चा. वाकडीतिकडी अक्षरं चित्रात दाखवतात आणि ती ओळखून आपण यंत्र नसून माणूस आहोत हे सिद्ध करा म्हणतात. ज्याला चित्र दिसत नाही, त्याच्यासाठी आवाजाचा पर्याय ठेवलेला नसेल तर तो त्या वेबसाइटच्या लेखी माणूस ठरत नाही. माणूस असल्याचा पुरावा मागणारी व्यवस्था आपल्याला नवी नाही. आपल्याकडे तो मागताना गळ्यात मडकं बांधत होते, एवढंच.

आता मराठीचा खास त्रास. सरकारी शासन निर्णय, परिपत्रकं, भरतीच्या जाहिराती यांचं काय होतं? मंत्रालयात किंवा जिल्हा परिषदेत कागद टाइप होतो, त्याची प्रिंट निघते, त्यावर सही-शिक्का होतो, मग तो स्कॅन करून पीडीएफ म्हणून चढवतात. डोळसाला तो कागद दिसतो. स्क्रीन रीडरसाठी तो नुसता फोटो असतो, त्यात अक्षर नसतंच. कागद स्कॅन न करता थेट चढवला आणि तो युनिकोडऐवजी जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असला, तरी तेच. डोळ्याला मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरांचा काला असतो आणि स्क्रीन रीडर तोच वाचतो. शिवाय पान मराठीत आहे हे कोडमध्ये सांगितलेलं नसलं, तर इंग्रजी आवाज मराठी वाचायला बघतो, ते ऐकवत नाही. २०१७ च्या नियमात स्पष्ट लिहिलं होतं की वेबसाइटवरची कागदपत्रं ई-पब किंवा अक्षरं ओळखता येतील अशा पीडीएफमध्येच असावीत. मराठी युनिकोड तर किती वर्षांपासून आहे. म्हणजे इथे तंत्रज्ञानाची अडचण नाही, पैशाचीही नाही. टाइप केलेली मूळ फाइल तशीच चढवायला स्कॅन करण्यापेक्षा कमी कष्ट पडतात.

बाकीच्यांचं थोडक्यात. बहिऱ्या माणसासाठी योजनेच्या व्हिडिओखाली मजकूर नसतो, आणि अडचण आली तर ‘या हेल्पलाइनला फोन करा’ म्हणतात. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या, बोटं गेलेल्या माणसाला अंगठा लावायला सांगतात. मिरगीच्या रुग्णाला लखलखणाऱ्या चित्रांचा धोका असतो. वरच्या बाजूला सरकत जाणारी सूचना आणि लुकलुकणारी ‘नवीन’ पाटी सरकारी वेबसाइटला इतकी का आवडते हे मला कधीच समजलेलं नाही. आणि ती भाषा! ‘उपरोक्त विषयान्वये अधोलिखित अर्हता धारण करणाऱ्या’ हे बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलाला कळत नाही, तसं ते दहावी नापास झालेल्या, शेतमजुरी करणाऱ्या त्याच्या आईलाही कळत नाही.

यावर सरकारी उत्तर ठरलेलं : आमच्या वेबसाइटवर सुविधा आहे, वर उजव्या कोपऱ्यात बघा. तिथे अक्षर मोठं-लहान करायची तीन बटणं असतात, कुठे व्हीलचेअरचं निळं चिन्ह असतं. अक्षर मोठं करायची सोय प्रत्येक ब्राउझरमध्ये आधीच असते. आतला फॉर्म बिननावाचा ठेवून वर हे चिन्ह चिकटवणं म्हणजे विहिरीवर ‘सर्वांसाठी खुली’ अशी पाटी लावून रहाट काढून नेण्यासारखं आहे. असं चिन्ह विकणाऱ्या कंपन्यांचा मोठा बाजार आहे. एक ओळ कोड टाका, वेबसाइट आपोआप अपंगस्नेही होईल, असं त्या सांगतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये ॲक्सेसिबी या अशाच कंपनीला खोट्या दाव्यांबद्दल दहा लाख डॉलर भरायला लावले. आपल्याकडे मात्र तसली चिन्हं अजूनही लागत आहेत, आणि ती लावली की काम झालं असा शेरा फाइलवर पडतो.

मग अंध विद्यार्थी काय करतो? नेट कॅफेत जातो, सेतू केंद्रात जातो, शेजारच्या पोराला हाका मारतो. पासवर्ड दुसऱ्याला सांगतो, ओटीपी दुसऱ्याला वाचायला देतो, बँकेचं पासबुक दुसऱ्याच्या हातात ठेवतो. फॉर्ममध्ये काय भरलं ते त्याला कळत नाही. प्रवर्गाच्या रकान्यात चूक झाली तर वर्ष गेलं. अंध मुलगी असेल तर तिचा मोबाइल नंबर, फोटो, पत्ता कुणाच्या हातात गेला याची धास्ती वेगळी. काही लोक म्हणतील, कॅफेवाला करून देतो ना, पन्नास रुपयांत काम होतं, मग एवढं काय? साताऱ्याच्या शाळेतला लहान भीमराव आठवा. त्याला नळाला हात लावायची परवानगी नव्हती. शिपाई येऊन नळ सोडेल तेव्हा पाणी, शिपाई नसेल त्या दिवशी तहान. पाणी मिळतच नव्हतं असं नाही. पण दुसऱ्याच्या मर्जीने वरून ओतलेलं पाणी आणि आपल्या हाताने घेतलेलं पाणी यांतला फरक ज्या समाजाला कळला, त्याने महाडचा रस्ता धरला. कॅफेवाला चांगला असेल, शिपाईही चांगला असू शकतो. प्रश्न त्याच्या स्वभावाचा नाहीच.

सर्वांत मोठी थट्टा प्रमाणपत्राची आहे. १ जून २०२१ पासून अपंगत्वाचं प्रमाणपत्र यूडीआयडी पोर्टलवरूनच देणं बंधनकारक झालं. म्हणजे आपण अंध आहोत हे सरकारदरबारी नोंदवायचं तरी आधी वेबसाइट गाठा.

आता कार्यकर्ते मित्र मला विचारतील, आणि काहींनी विचारलंही आहे, की हा आपला प्रश्न कसा? अत्याचार होताहेत, शिष्यवृत्त्या अडकल्या आहेत, खासगीकरणात आरक्षण संपत चाललंय, त्यात वेबसाइट कुठून आणली? शिवाय जातीची तुलना कशाशीही करत सुटलं की जातीचा प्रश्न पातळ होतो.

दुसरा मुद्दा मला मान्य आहे. जात आणि अपंगत्व एक नाही. अंध माणसाचा स्पर्श विटाळ मानून कुणी तळं शुद्ध करून घेत नाही. महाडला आपण पाणी घेतल्यावर त्यांनी तळ्याचं ‘शुद्धीकरण’ केलं होतं, शेण-गोमूत्राचे घडे ओतून. वेबसाइटमागे असा द्वेष नसतो, तिथे विसर असतो. बनवणाऱ्याच्या डोक्यात ‘नागरिक’ म्हणून जो माणूस असतो तो डोळस, ऐकू येणारा, धडधाकट, शिकलेला आणि घरी वायफाय असलेला असतो. पण विसरल्या गेलेल्या माणसाच्या पदरात पडतं तेच, दार बंद. आणि विसरतात कुणाला? जो सत्तेच्या खोलीत नसतो त्याला. एवढं साम्य मला पुरेसं वाटतं.

पहिल्या मुद्द्याचं उत्तर आकड्यांत आहे. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग नोंदले गेले, लोकसंख्येच्या २.२१ टक्के. महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार. जातवार बघा. अनुसूचित जातींमध्ये हे प्रमाण २.४५ टक्के आहे, म्हणजे देशाच्या सरासरीपेक्षा जास्त. हे दैव नाही. पोटातल्या बाळाला पोषण मिळालं नाही, तापाला वेळेवर औषध मिळालं नाही, बाप खाणीत, गटारात, बांधकामावर, उसाच्या फडात राबला, ही त्यामागची माणसांनी केलेली कारणं आहेत. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले आणि त्यात सिकलसेल आला. विदर्भातल्या आदिवासी आणि बौद्ध वस्त्यांत सिकलसेल म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगायला नको. शिष्यवृत्तीचा अर्ज भरू न शकणारा अंध विद्यार्थी आणि शिष्यवृत्ती अडकलेला दलित विद्यार्थी ही कित्येकदा एकच व्यक्ती असते. तिच्या वाट्याचं आपण अपंगांच्या संघटनेवर सोडतो, आणि ती संघटना जातीबद्दल बोलत नाही.

सुप्रीम कोर्टाने पटन जमाल वली खटल्याच्या निकालात, २७ एप्रिल २०२१ रोजी, नेमकी ही गोष्ट सविस्तर मांडली. अत्याचार झालेली तरुणी जन्मांध होती आणि अनुसूचित जातीची होती. जात, लिंग आणि अपंगत्व वेगवेगळे मोजता येत नाहीत, एकाच देहावर ते एकत्र येतात, असं कोर्ट म्हणालं. त्याच निकालात पुराव्याअभावी ॲट्रॉसिटी कायद्याखालची शिक्षा टिकली नाही, हेही नोंदवलं पाहिजे. ‘अंध म्हणून की दलित म्हणून’ हा प्रश्न त्या मुलीच्या आयुष्यात नव्हता, तो कायद्याच्या कलमात होता.

शब्दाबद्दलही बोलून घेतो. मी या लेखात मुद्दाम ‘अपंग’ लिहितोय, ‘दिव्यांग’ नाही. अपंगांच्या चळवळीतल्या अनेकांनी या शब्दाला विरोध केला, तरी तो वरून लादला गेला. खात्याचं नाव, प्रमाणपत्राचं नाव, सगळीकडे तोच. १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात ‘हरिजन’ शब्द कायद्यात घालायचा घाट घातला तेव्हा बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार सभात्याग करून बाहेर पडले होते. देवाचं नाव जोडलं की हक्काचं बोलणं थांबतं, हे त्यांनी ओळखलं होतं. ज्या अपंग बांधवांना ‘दिव्यांग’ शब्द आपला वाटतो त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण दिव्य शक्ती आहे म्हणता, मग कॅप्चा सोडवायला तीच वापरावी अशी अपेक्षा आहे का?

कायदा काय म्हणतो? २०१६ च्या कायद्याची ४०, ४२ आणि ४६ ही कलमं वाचा. सुगम्यतेचे नियम सरकारने करायचे, इलेक्ट्रॉनिक माध्यमातला मजकूर अपंगांना वापरता येईल असा द्यायचा, आणि नियम झाल्यापासून दोन वर्षांत सगळ्या सेवा त्याप्रमाणे आणायच्या. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे मुदत जून २०१९ ला संपली. त्याआधी ३ डिसेंबर २०१५ रोजी सुगम्य भारत अभियान सुरू झालं. त्याचं वेबसाइटबाबतचं उद्दिष्ट ऐकण्यासारखं आहे : निम्म्या सरकारी वेबसाइट मार्च २०१७ पर्यंत सुगम्य करायच्या. निम्म्या! गावातल्या निम्म्या विहिरी खुल्या करू, असं १९२३ मध्ये बोलेसाहेबही म्हणाले नव्हते.

सरकारी वेबसाइट कशा असाव्यात याची मार्गदर्शक तत्त्वं २००९ मध्ये पहिल्यांदा आली, २०२३ मध्ये तिसरी आवृत्ती निघाली. ती चांगली आहेत. जगभर मान्य असलेल्या वेब निकषांवर बेतलेली आहेत. रकान्याला नाव हवं, चित्राला शब्दांत वर्णन हवं, सगळं कीबोर्डने चालायला हवं, अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या रंगात किमान ४.५ ला १ इतका फरक हवा, असं सगळं त्यात आहे. पण मार्गदर्शक तत्त्वं म्हणजे सल्ला. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सुप्रीम कोर्टाने हेच हेरलं. कायदा म्हणतो सक्ती करा आणि सरकारने केलेला नियम १५(१) नुसते सल्ले गोळा करतो, म्हणून तो नियमच कायद्याशी विसंगत ठरवून रद्द केला. ज्याच्या खाली जाता येणार नाही असे किमान सक्तीचे निकष तीन महिन्यांत आखा, असा आदेश दिला. ती मुदत फेब्रुवारी २०२५ मध्ये संपली. मग ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून खटल्याचा निकाल आला. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रियांना बँकेचं केवायसी करताना ‘डोळे मिचकावा’ असं मशीन सांगत होतं, आणि हल्ल्यात पापण्याच गेलेल्या बाईने डोळे कसे मिचकावायचे? एका अंध वकिलाची याचिकाही सोबत होती. डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा २१ व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं कोर्टाने सांगितलं आणि वीस निर्देश दिले. वेबसाइट आणि ॲप चालू करण्याआधी अंध व्यक्तींकडून तपासून घ्या, हा त्यातला एक.

मग अडतं कुठे? माझ्या मते टेंडरमध्ये. सरकारी वेबसाइट खातं बनवत नाही, कंत्राटदार बनवतो, कमी बोली लावणारा. टेंडरमध्ये सुगम्यतेची एक ओळ असते किंवा नसते. असली तर उद्घाटनाच्या वेळी एक प्रमाणपत्र जोडलं जातं. नंतर रोज नवा मजकूर चढतो, तो चढवणारा पोरगा कंत्राटी असतो, पगार वेळेवर होत नाही आणि त्याला हे कुणी शिकवलेलं नसतं. त्याच्यावर राग काढून उपयोग नाही. प्रमाणपत्र पहिल्या दिवशीच्या वेबसाइटचं, वापरायची ती दोन वर्षांनंतरची. कंत्राटदाराचं शेवटचं बिल काढण्याआधी अंध, बहिऱ्या आणि हात-पायाने अपंग वापरकर्त्यांनी फॉर्म पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः भरून दाखवला पाहिजे, ही अट टाकली की निम्मं काम होईल. आणि त्या तपासणीचे पैसे त्यांना मिळाले पाहिजेत. फुकटची सेवा नको.

ब्रिटनने २०१८ च्या नियमांनी आणखी एक गोष्ट केली. प्रत्येक सार्वजनिक संस्थेला आपल्या वेबसाइटवर निवेदन लावावं लागतं : आमच्या वेबसाइटचा कोणता भाग अपंगांना वापरता येत नाही, का येत नाही, कधी दुरुस्त करणार, आणि तोवर ती माहिती दुसऱ्या मार्गाने कुणाकडे मागायची. तिथेही सगळं आलबेल नाही. पण संस्थेला आपला दोष स्वतःच्या दारावर लिहावा लागतो. आपल्याकडे पोर्टलवरून किती जण अर्धवट परत गेले हे कुणी मोजत नाही. पूर्वी खिडकीवरून हाकललेला माणूस निदान रांगेतल्या बाकीच्यांना दिसत होता.

आता कामाचं. आज रात्री एक प्रयोग करा. मोबाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन टॉकबॅक चालू करा (बंद कसं करायचं ते आधी वाचून ठेवा, नाहीतर घाबराल), डोळे मिटा, आणि तुमच्या भागातला कुठलाही एक सरकारी फॉर्म उघडून पहिले पाच रकाने भरून बघा. कॉम्प्युटर असेल तर माऊस बाजूला ठेवून नुसत्या टॅबने तोच फॉर्म भरा. कुठे अडलं ते लिहून काढा : कोणतं पान, कोणता रकाना, काय ऐकू आलं. मग वस्तीतल्या, वसतिगृहातल्या अंध किंवा बहिऱ्या विद्यार्थ्याला सोबत घेऊन तोच फॉर्म त्याच्याकडून तपासून घ्या. त्याच्या वतीने बोलू नका, त्याला बोलू द्या. तक्रार त्याच्या नावाने जाऊ द्या, सह्या आपल्या असू द्या.

तक्रार संबंधित खात्याच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे पाठवा. केंद्राच्या वेबसाइटसाठी दिल्लीत मुख्य आयुक्त आहेत. या आयुक्तांना समन्स काढण्यासारख्या बाबींत दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. कलम ८९ खाली पहिल्या उल्लंघनाला दहा हजारांपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येक उल्लंघनाला पन्नास हजार ते पाच लाख. दहा हजार सरकारी खात्याला काहीच नाहीत, पण पहिली नोंद झाली की दुसऱ्यांदा रक्कम वाढते, म्हणून पहिली नोंद महत्त्वाची.

आणि घरचं अंगण. चळवळीचे ग्रुप बघा. मोर्चाची वेळ, ठिकाण, मागण्या, सगळं एका निळ्या पोस्टरच्या फोटोत. खाली दोन ओळी मजकूर टाकला तर अंध भीमसैनिकाला मोर्चा कुठे आहे ते कळेल. बाबासाहेबांच्या ग्रंथांच्या ज्या मराठी पीडीएफ ग्रुपवर फिरतात, त्यांतल्या बऱ्याच स्कॅन केलेल्या आहेत, म्हणजे अंध विद्यार्थ्यासाठी कोऱ्या. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने अपंगांसाठी वाचनयोग्य प्रत बनवायला मुभा दिलेली आहे, आणि भारत हा मराकेश करार मंजूर करणारा पहिला देश आहे. २०१६ पासून सुगम्य पुस्तकालय नावाचं ऑनलाइन ग्रंथालय अंधांसाठी चालतं. त्यात बाबासाहेबांचे मराठी खंड कोणते आहेत आणि कोणते नाहीत याची यादी काढायचं काम एखाद्या वसतिगृहातल्या पोरांनी अंगावर घेतलं, तर ६ डिसेंबरच्या आत खंड वाटून घेऊन टायपिंग सुरू करता येईल.

माहितीचा अधिकार विसरू नका. तुमच्या जिल्हा परिषदेच्या, महापालिकेच्या किंवा विद्यापीठाच्या जन माहिती अधिकाऱ्याला विचारा : वेबसाइटची शेवटची सुगम्यता तपासणी कोणत्या तारखेला झाली, कुणी केली, अहवालाची प्रत द्या, वेबसाइटच्या टेंडरमधली अपंगांसंबंधीची अट आणि शेवटचं बिल मंजूर केल्याचा कागद द्या, चालू वर्षात चढवलेल्या पीडीएफपैकी स्कॅन केलेल्या किती ते सांगा. अर्जदार अंध असेल तर कलम ७(४) प्रमाणे उत्तर त्याला समजेल अशा रीतीने मिळण्यासाठी मदत करणं अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे, ते अर्जातच लिहा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून प्रश्न दोन अर्जांत विभागा. प्रत्येक अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं. दारिद्र्यरेषेखालचा दाखला जोडला तर तेही लागत नाही.